त्या बाईंसाठी दह्यावरचं पाणी

माझ्या लग्नाच्या वेळी सासूबाईंना एवढंच सांगितलेलं होतं की मुलगी औषधांच्या कंपनीत आहे. त्यांनी डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि काचेच्या बाटल्या आणल्या असणार, आणि होकार दिला. लग्नानंतर एक दिवस पोळ्या करताना त्यांनी मला सरळ विचारलं, "तू तिथे नक्की करतेस तरी काय?"

मी सांगितलं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमच्या कंपनीच्या मोठाल्या टाक्या आहेत, त्यांत जंतू वाढवतो, जंतू जे सोडतात ते गाळून घेतो आणि त्यातून औषध काढतो.

"सोडतात म्हणजे?"

"म्हणजे खाऊनपिऊन झालं की बाहेर टाकतात ते."

तव्यावरची पोळी करपली. त्या दिवसापासून मी कामावरून आले की हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही असा नियम झाला. हात म्हणजे कोपरापर्यंत, आणि साबण दोनदा.

आता यातली गंमत अशी की डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत जंतू पाळण्यात सासूबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचं दही इतकं घट्ट लागायचं की दह्याचं भांडं, म्हणजे त्यांचा सट, उलटा केला तरी पडायचं नाही, आणि हे त्या पाहुण्यांना करून दाखवायच्या. थंडीत तो सट जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायच्या आणि आमच्या मुलीला, ती तेव्हा बालवाडीत होती, दटावायच्या, "डब्याला हात लावू नकोस, दही झोपलंय." इमारतीत कुणाच्याही दह्याला तार सुटली, कुणाचं दूध नुसतंच आंबलं, की वाटी घेऊन बाई आमच्या दारात. सासूबाई विरजण द्यायच्या, पण दिवेलागणीच्या आत. दिवा लागल्यावर प्रत्यक्ष सख्खी बहीण आली असती तरी तिला सकाळी ये म्हणाल्या असत्या. हळूहळू तिन्ही मजल्यांवर त्यांच्याच दह्याची पिल्लावळ झाली होती.

मी एकदा त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही आणि मी एकच धंदा करतो. माझी टाकी मोठी, एवढंच." त्या दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या. माझ्या जिभेला हाड नाही हे त्यांचं माझ्याबद्दलचं कायमचं मत होतं आणि ते खोडून काढावं असं मला कधी वाटलं नाही.

हे सगळं नव्वदच्या आसपासचं. एका रविवारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. नवरा मुलीला घेऊन बाहेर गेला होता. सासूबाई मेथीकडे बघतच म्हणाल्या, "अगं, एक विचारू? एक बाई आहेत."

"कुठल्या बाई?"

"आहेत ओळखीच्या. तू नाही ओळखत. त्यांना इथे," त्यांनी काडीने हवेत कुठेतरी गोल काढला, "गाठ आल्यासारखी वाटते. दुखत मात्र नाही. म्हणजे काही नसेल ना?"

"दुखत नाही म्हणून काही नाही असं नसतं. त्यांना म्हणावं डॉक्टरांना दाखवा."

"शी. त्या नाही जायच्या."

मी त्या अनोळखी बाईवर चिडले. शिकल्यासवरल्या गावात राहून बायका अशा वागतात म्हणून दहा मिनिटं तोंडसुख घेतलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या बाई निघाल्या, तिसऱ्या दिवशीही. रोज त्यांची थोडी थोडी माहिती कळायची. त्या बाईंचे यजमान वारले होते. त्या बाईंचा मुलगा बँकेत होता. त्या बाईंना एक नात होती. आणि त्या बाईंची सून नोकरी करत होती, स्वभावाने वाईट नव्हती, पण तोंडाने फटकळ होती.

मी हातातलं काम खाली ठेवलं. सरळ विचारलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या. म्हणून त्यांच्याच रस्त्याने गेले.

"त्या बाईंना सांगा," मी म्हटलं, "सुनेला रजा मिळते."

"मिळते? त्यांना वाटतं तिला कामातून वेळ नसतो."

"उद्याच घेईल म्हणावं."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "सांगते त्यांना." आणि आत जाऊन त्यांनी दूध तापवायला ठेवलं.

डोंबिवलीतल्या डॉक्टरीणबाईंसमोर बसल्यावरही त्यांनी सुरुवात केली, "आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग त्या का नाही आल्या?" मी म्हटलं, "आल्यात. त्यांना जरा वेळ लागतो." डॉक्टरीणबाईंना असे पेशंट रोजचेच असावेत. त्यांनी पडदा ओढला.

गाठ वाईट निघाली. ठाण्यातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, ते चांगलं पार पडलं, आणि मग इंजेक्शनं सुरू करायची ठरली. इमारतीत आम्ही कोणाला काही सांगितलं नव्हतं आणि इमारतीला सगळं माहीत होतं. सासूबाई घरी आल्यावर भेटायला आलेल्या बायका त्यांच्याच समोर बसून, त्यांच्याच डोळ्यांत बघत विचारायच्या, "त्या तुमच्या ओळखीच्या बाईंचं कसं आहे हो आता?" सासूबाई उशीला टेकून सांगायच्या, "बऱ्या आहेत. हात वर करताना ओढ बसते म्हणतात." "त्यांना म्हणावं काळजी घ्या." "सांगते." मी चहा घेऊन यायचे तेव्हा मला समजायचं नाही, हसावं की ट्रे आपटावा. पण त्या बायकांचे मला उपकार वाटतात. एकीनेही चुकून 'तुम्ही' म्हटलं नाही.

इंजेक्शनचा रंग लालभडक होता, कोकमाच्या आगळासारखा. पहिल्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे औषध वाईट पेशींना मारतं तसं चांगल्यांनाही झोडपतं. केस जातील, उलट्या होतील, काही दिवस रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतील. त्या दिवसांत गर्दीत जायचं नाही, कच्चं काही खायचं नाही, "आणि आजी, घरी विरजलेलं दही, ताक, सगळं बंद. त्यात जिवंत जंतू असतात. एरवी ते चांगलेच, पण त्या दिवसांत परीक्षा नको."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "माझ्या दह्यात जंतू?"

मी कपाळावर हात मारला. वर्षानुवर्षं मी घसा कोरडा करून हेच सांगत होते. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

केस गेल्याचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. "केसांना पदर आहे," त्या म्हणायच्या. "दह्याला काय आहे?" सट धुऊन पुसून फळीवर पालथा ठेवलेला होता आणि जेवताना त्यांची नजर तिकडे जायची. भाताचा शेवटचा घास त्या तसाच ठेवून उठायच्या. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "आजी, दही कधी उठणार?" तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ऑपरेशनच्या वेळीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आता आमच्या साहेबांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यापासून सुरू झाला, बिचाऱ्यांचा काही दोष नसताना. साहेब म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख. कंपनीचं काम संपलं की त्यांचा एक स्वतःचा छंद असायचा. त्यांनी कुठेतरी वाचलेलं होतं की दह्यातले जंतू वाढताना जी रसायनं सोडतात त्यांचा कॅन्सरच्या पेशींवर काही परिणाम होतो का, हे परदेशात लोक तपासून बघताहेत. झालं. साहेबांनी लॅबमधल्या सगळ्यांना आपापल्या घरचं दही आणायला सांगितलं. एकाने बाळकुमहून म्हशीच्या दुधाचं आणलं, एकीने आंबिवलीहून आणलं, मी आमच्या घरचं नेलं. तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं आणि सट अजून पालथा पडला नव्हता. सासूबाईंनी डबा भरून देताना बजावलं होतं, "डबा परत आण."

साहेब त्या दह्यांतले जंतू वेगळे काढून वाढवायचे, मग जंतू गाळून टाकायचे आणि खाली उरलेलं स्वच्छ पाणी बर्फात ठेवून मुंबईतल्या एका मित्राकडे पाठवायचे. त्या मित्राच्या लॅबमध्ये काचेच्या बशीत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या असायच्या. त्या पेशींवर हे पाणी टाकून बघायचं. सासूबाईंच्या दह्याचं पाणी टाकलं त्या बशीत पेशींची वाढ मंदावली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. ते लगेच म्हणाले, "थांबा, नाचू नका. आंबट काहीही टाकलं तरी पेशी मरतात. चिंचेचं पाणी टाका, मरतील. म्हणून चिंचेचं पाणी औषध होत नाही. मी आंबटपणा काढून पुन्हा पाठवतो." पुन्हा पाठवलं. परिणाम पुष्कळ कमी झाला, पण थोडासा उरला. "हे थोडंसं काय आहे ते शोधायला हवं," साहेब म्हणाले. "आणि बशीला पोट नसतं, रक्त नसतं. माणसापर्यंत पोचायला आयुष्य जातं. कदाचित पोचतही नाही. कुणाला सांगत बसू नका."

मी एकट्या नवऱ्याला सांगितलं. बशी, चिंच, आंबटपणा, थोडंसं, सगळं नीट क्रमाने सांगितलं आणि कुणाला बोलू नकोस हेही सांगितलं. माझा नवरा सज्जन माणूस, आईवर त्याचा जीव, आणि कित्येक आठवड्यांत घरात एक चांगली बातमी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला खाली गेला तो जिन्यात सांगून आला, "आमच्या आईच्या दह्याने तो आजार मरतो. ठाण्याच्या लॅबमध्ये सिद्ध झालंय." बशी आणि चिंच वाटेत कुठे गळाली ती त्यालाच माहीत.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाईंनाही मी बसवून समजावलं की ते सगळं काचेतलं आहे, तुमचं इंजेक्शन ते इंजेक्शन. त्या "हो गं, कळलं" म्हणाल्या. मला वाटलं विषय मिटला.

विषय मिटला नव्हता. मी कामावर असायचे, नवरा बँकेत, मुलगी शाळेतून आली की झोपायची. सासूबाईंना डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका सांगितलं होतं, आणि समोरच्या वहिनींचं घर म्हणजे काही गर्दी नव्हे. खालच्या मजल्यावरच्या काकूंचंही नाही. आमच्या घरात दही बंद होतं. पण इमारतीतलं प्रत्येक दही सासूबाईंच्याच दह्यापासून लागलेलं होतं, म्हणजे औषध घरोघरी तयार होतं. दुपारी त्या जरा बसायला म्हणून जायच्या. वहिनी सटातल्या दह्यावरचं पाणी अलगद फुलपात्रात काढायच्या आणि म्हणायच्या, "हे तुमच्या त्या बाईंसाठी काढून ठेवलंय. न्याल का?" सासूबाई म्हणायच्या, "नेताना सांडेल. इथेच पिते." आणि त्या बाईंच्या वतीने पिऊन टाकायच्या. मग खाली काकूंकडे. पुढे पुढे बायकांनी वार वाटून घेतले होते म्हणे. दही जास्त वेळ ठेवलं की पाणी जास्त सुटतं हेही त्यांनी शोधून काढलं.

हे मला कळलं ते तिसऱ्या इंजेक्शननंतर. दुपारी लॅबमध्ये फोन आला. समोरच्या वहिनी होत्या. "लवकर या," त्या म्हणाल्या. "त्या बाईंना ताप भरलाय."

मी घरी पोचले तेव्हा सासूबाई दोन रजया घेऊन कुडकुडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, मला फार थंडी वाजतेय."

'मला' म्हणाल्या. तापापेक्षा मी त्या एका शब्दाला घाबरले. इतके महिने त्या बाईंना पुढे करून त्या मागे उभ्या होत्या, आणि आता पुढे कोणी नव्हतं. खालच्या काकूंच्या मुलाची गाडी होती, तिच्यातून आम्ही ठाण्याला निघालो. वहिनी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि रडत रडत म्हणाल्या, "कालपर्यंत तर छान पीत होत्या हो."

"काय पीत होत्या?"

गाडी दवाखान्यात पोचेपर्यंत मला सगळी हकीकत कळली. मी एक शब्द बोलले नाही. माझ्या ओळखीच्या लोकांना विचारा, असं क्वचित होतं.

पांढऱ्या पेशी अगदीच खाली गेल्या होत्या. सलाइनमधून औषधं सुरू झाली. डॉक्टरांना मी दह्याच्या पाण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ताप त्यानेच आला असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "त्याने आला नाही असंही म्हणणार नाही. पण यापुढे जर असं काही ऐकलं तर तुमच्या इमारतीतल्या सगळ्यांना इथे आणून झोपवीन."

तीन-चार दिवसांत ताप उतरला. पाचव्या दिवशी सासूबाई उठून बसल्या, चहा प्यायल्या, चहाला नावं ठेवली, आणि म्हणाल्या, "आता ते लाल इंजेक्शन मी घेणार नाही. त्यानेच मी मरायला टेकले होते. घरचं पाणी घेत होते तोवर बरी होते. तुमच्या साहेबांनीच सिद्ध केलंय."

नवऱ्याने विनवलं, वहिनींनी विनवलं, डॉक्टरांनी सरळ सांगितलं की अर्धवट सोडलं तर आजार उलटण्याची भीती मोठी आहे. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला माहीत होतं, त्या एकदा खिडकीबाहेर बघू लागल्या की संपलं. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. मला भयंकर राग आलेला होता आणि मला त्या हव्या होत्या. करपलेली पोळी, कोपरापर्यंतचे हात, माझ्या जिभेला हाड नसल्याचं रोजचं प्रमाणपत्र, सगळ्यासकट हव्या होत्या.

"आई," मी म्हटलं, "ते लाल इंजेक्शन कशाचं असतं ते माहितीय का?"

"विषाचं."

"जंतूंचं. तुमच्या दह्यासारखंच. जंतू वाढतात, काहीतरी सोडतात, ते गाळून, स्वच्छ करून बाटलीत भरतात. फरक एवढाच की तुमच्या दह्याच्या पाण्यात काय आहे हे अजून कोणाला माहीत नाही, आणि यात काय आहे ते माहितीय. किती द्यायचं तेही माहितीय. हे माणसांना देऊन बघून झालंय. ते अजून बशीत आहे."

त्या खिडकीपासून वळल्या. "दुधातले जंतू?"

"नाही. मातीतले."

"शी."

"शी काय त्यात?"

"त्यांना खायला काय घालतात?"

"आमच्याकडे टाकीत साखर घालतात, सोयाबीनचं पीठ घालतात. तिकडेही असंच काहीतरी असेल."

"आणि ते जे सोडतात ते मला टोचतात."

"हो."

त्यांनी हातावरच्या सुईच्या खुणेकडे पाहिलं. मग विचारलं, "गाळणं नीट असतं ना?"

"तुमच्यापेक्षा नीट."

"पहिलं विरजण कोणाकडून आणलं?"

हा प्रश्न डॉक्टरांना कोणी विचारला नसेल. नशिबाने मला साहेबांकडून ऐकून माहीत होतं. "इटलीत एक जुना किल्ला आहे," मी म्हटलं. "त्या किल्ल्याच्या आसपासची थोडी माती आणली होती. त्या मातीत हे जंतू सापडले. त्यांच्यापासूनच पुढची सगळी पिढी."

"किल्ला?"

"हो."

"किल्ल्याची माती?"

"हो, आई."

सासूबाईंनी पदर सारखा केला. पाठ ताठ झाली. "मग हे आधी नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या.

"इटलीतला आहे तो."

"असेना. किल्ला तो किल्ला."

मी डॉक्टरांना बाहेर गाठून सांगितलं की आजी तयार आहेत. त्यांनी विचारलं, कशा काय? मी म्हटलं, तुम्हाला पटणार नाही, जाऊ द्या. दोन दिवसांनी इमारतीत परतलो तेव्हा सासूबाईंनी जिन्यातच जाहीर केलं की औषध किल्ल्याच्या मातीतलं आहे आणि दह्याचं पाणी आता कुणी काढून ठेवायचं नाही. खालच्या काकूंनी हात जोडले, मला वाटतं किल्ल्याला.

दही बंदच राहिलं, पण डॉक्टरांनी कढीला परवानगी दिली. अट एकच, चांगली खळखळ उकळायची. यावर सासूबाई पुन्हा उखडल्या. कढी उकळायची? कढीला ऊत आला की ती फुटते हे शेंबड्या पोरालाही कळतं. शेवटी मी डाळीचं पीठ थोडं जास्त लावून, पळी एक क्षणही न थांबवता ती उकळून दाखवली. जंतू मेले, पण त्यांनी सोडलेलं बरंच काही त्यात राहिलं असणार, असं मी सहज म्हणाले. सासूबाईंनी वाटी तोंडाला लावता लावता थांबवली. "तू जेवताना कामाचं बोलू नकोस," त्या म्हणाल्या आणि कढी प्यायल्या. मीठ कमी होतं, तेही सांगितलं.

सासूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या, म्हणून मला हे हसत लिहिता येतं. साहेबांचा तो छंद मात्र वर्षाच्या आतच वरच्या लोकांनी बंद करायला लावला. कंपनीने त्यांना टाक्यांसाठी ठेवलं होतं, घरोघरच्या दह्यासाठी नाही. ते थोडंसं काय होतं ते आमच्या लॅबमध्ये कधी कळलं नाही. आता कधी कधी वाचते, की जगात कुठे कुठे लोक त्याच गोष्टीच्या मागे आहेत, चांगल्या जंतूंनी मागे ठेवलेल्या रसायनांच्या, आणि अजूनही बरंचसं बशीतच आहे. मला त्या लोकांबद्दल फार माया वाटते.

शेवटच्या इंजेक्शनला आम्ही दोघीच गेलो. ठाणे स्टेशनवरून रिक्षा केली. सासूबाईंनी डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला होता, त्याखाली बारीक बारीक केस यायला लागले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तुमच्या साहेबांचं ते बशीतलं पाणी कधी तयार होईल गं?"

"खरं सांगू, आई? माहीत नाही. वीस वर्षं लागतील, तीस लागतील. काही निघणारही नाही कदाचित."

"मला नकोय. माझं किल्ल्यातल्यावर भागलं." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "माझ्या आईला होती अशी गाठ. तिने कुणाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आंघोळीला वेळ लागायचा तिला, तेवढंच दिसायचं. एक दिवस गेली."

मला हे माहीत नव्हतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं, त्यांच्या मुलालाही नाही.

"आईला झाली, मला झाली," त्या म्हणाल्या. "आता आपली पोर आहे. साहेबांना म्हणावं, जरा भराभर हात चालवा."

मी तोंड फिरवलं, पण रिक्षात तोंड फिरवायला जागा किती असते. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"रडतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "सुई मला टोचायचीय."